चूक कोणी अडवायची : भाषेने की प्रोग्रामरने?



सी भाषेत एक ॲरे घोषित करा. नाव 'गुण', आकार ६०. वर्गात साठ विद्यार्थी आहेत असे धरू. सी मध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून पहिले घर गुण[०] आणि शेवटचे गुण[५९]. आता लूपची अट लिहिताना 'पेक्षा लहान' या चिन्हाऐवजी तुमच्या हातून 'पेक्षा लहान किंवा समान' हे चिन्ह पडले. लूप एक फेरी जास्त फिरेल आणि गुण[६०] मध्ये लिहायला जाईल. असे घर अस्तित्वातच नाही. तरीही कंपायलर बहुतेक वेळा काही बोलत नाही, प्रोग्राम चालतो, आणि ॲरेच्या लगेच पुढे मेमरीत जे काही असेल त्यावर नवी किंमत लिहिली जाते. तिथे दुसरे एखादे चल असेल, फंक्शन संपल्यावर परत कुठे जायचे तो पत्ता असेल, किंवा कोणीच वापरत नसलेली रिकामी जागा असेल. रिकामी जागा असली तर प्रात्यक्षिकात उत्तर बरोबर येते, वहीवर सही मिळते आणि चूक तशीच पुढे जाते.

हीच चूक जावामध्ये किंवा पायथनमध्ये केलीत तर प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो आणि कोणत्या ओळीत काय बिघडले ते सांगतो.

हा फरक अपघाताने पडलेला नाही. चूक कोणी अडवायची, भाषेने की प्रोग्राम लिहिणाऱ्याने, या प्रश्नावर संगणकशास्त्राच्या पहिल्या पिढीत खरे मतभेद होते. पाठ्यपुस्तकात ही माणसे तुम्हाला वेगवेगळ्या प्रकरणांत भेटतात. होअर म्हटले की क्विकसॉर्ट, डायक्स्ट्रा म्हटले की सर्वांत जवळचा मार्ग, रिची म्हटले की सी. त्यांच्या या कामांमागे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, हे मात्र पुस्तकातून कळत नाही. या टिपणात तो प्रश्न समजून घेऊ.

एलियट ८०३ वरचा निर्णय

टोनी होअर यांचा जन्म १९३४ साली कोलंबो येथे झाला. ऑक्सफर्डमध्ये ते शिकले ग्रीक-लॅटिन आणि तत्त्वज्ञान. पुढे नौदलात रशियन शिकले आणि मॉस्कोच्या विद्यापीठात गेले. तिथे यंत्राकडून भाषांतर करून घेण्याच्या कामात शब्द वर्णक्रमाने लावण्याची गरज पडली, त्यातून क्विकसॉर्टची कल्पना निघाली. १९६० साली ते इंग्लंडमधील एलियट ब्रदर्स या संगणक बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रामर म्हणून रुजू झाले.

क्विकसॉर्टजवळ थोडे थांबू. कल्पना डोक्यात होती, पण ती दुसऱ्याला समजावून सांगणे होअर यांना जड जात होते. यादीचे दोन भाग केले, आता प्रत्येक भागावर हेच पुन्हा करायचे. पण राहिलेल्या भागांचा हिशेब कोणी ठेवायचा? १९६१ मध्ये ब्रायटन येथे अल्गोल ६० या नव्या भाषेचा वर्ग भरला. शिकवायला पीटर नाउर, एड्सगर डायक्स्ट्रा आणि पीटर लँडिन. तिथे होअर यांना रिकर्सन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याची सोय, समजली आणि अडलेली पद्धत सरळ लिहिता आली. 'भाषा कोणतीही असो, लॉजिक महत्त्वाचे' असे म्हणणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात ठेवावी. लॉजिक होतेच. ते कागदावर उतरायला भाषा लागली.

एलियटमध्ये होअर यांच्याकडे अल्गोल ६० चा कंपायलर बनवण्याचे काम आले. यंत्र होते एलियट ८०३. मेमरी ३९ बिटांच्या ४,०९६ किंवा ८,१९२ शब्दांची, आणि एका बेरजेला सुमारे ५७६ मायक्रोसेकंद. म्हणजे सेकंदाला दोन हजारसुद्धा बेरजा नाहीत. अशा संथ यंत्रावर होअर यांनी पहिले तत्त्व ठरवले ते सुरक्षिततेचे. व्याकरणाला सोडून असलेला प्रत्येक प्रोग्राम कंपायलरने नाकारायचा. व्याकरणात बसणारा प्रोग्राम चालताना बिघडलाच, तर काय बिघडले हे मूळ प्रोग्रामच्याच शब्दांत कळले पाहिजे. मेमरीतल्या आकड्यांची रास प्रोग्रामरपुढे ओतायची नाही. या तत्त्वातून थेट निघालेला निर्णय असा : ॲरेचा प्रत्येक निर्देशांक, प्रत्येक वेळी, खालच्या आणि वरच्या दोन्ही मर्यादांशी ताडून पाहायचा.

हे फुकट होत नाही. गुण[i] असे लिहिले की यंत्राला आधी i शून्यापेक्षा लहान नाही ना, मग i ५९ पेक्षा मोठा नाही ना, असे दोनदा विचारावे लागते. लूप दहा हजार वेळा फिरला तर वीस हजार तुलना. पुढे काही वर्षांनी कंपनीने ग्राहकांना विचारले की प्रोग्राम तपासून झाल्यावर, प्रत्यक्ष कामाला लावताना ही तपासणी बंद करण्याची सोय हवी का? सगळ्यांचे उत्तर एकच आले : नको. रोजच्या कामात निर्देशांक किती वेळा चुकतो हे त्यांना तोवर कळून चुकले होते, आणि चूक न कळता बाहेर पडणारे उत्तर त्यांना नको होते.

ही हकीकत होअर यांनी १९८० साली ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितली. भाषा बनवणाऱ्यांनी आणि वापरणाऱ्यांनी एवढ्या वर्षांत हा धडा घेतलेला नाही, ही त्यांची तक्रार होती. त्याआधी, १९७३ च्या एका लेखात त्यांनी चांगली उपमा दिली होती. चाचणी करताना तपासणी चालू ठेवायची आणि खऱ्या कामाच्या वेळी ती काढून टाकायची, हे जमिनीवर सराव करताना जीवरक्षक जाकीट घालून समुद्रात शिरताना ते उतरवून ठेवण्यासारखे आहे.

वेगाची धास्ती आणि सी

मग सी मध्ये ही तपासणी का नाही? 'वेगासाठी' हे उत्तर तोंडपाठ असते. ते खोटे नाही, पण अर्धवट आहे.

वेगाची धास्ती सी च्या आधीची. जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएममध्ये फोरट्रान बनवली. तिचा कंपायलर १९५७ मध्ये बाहेर पडला. त्या वेळी हाताने यंत्रभाषेत लिहिणाऱ्या मंडळींचा असल्या स्वयंचलित प्रकारांवर विश्वास नव्हता. कंपायलरने तयार केलेला कोड हाताने लिहिलेल्या कोडइतका वेगवान नसेल तर कोणी ढुंकूनही पाहणार नाही, हे बॅकस ओळखून होते, म्हणून गटाची बरीच मेहनत वेग मिळवण्यात गेली. गंमत अशी की वीस वर्षांनी, १९७७ च्या ट्युरिंग भाषणात, याच बॅकस यांनी फोरट्रानपासून सुरू झालेल्या साऱ्या परंपरेवर टीका केली. या भाषा यंत्राच्या रचनेला बांधलेल्या आहेत, मेमरीतून एक शब्द उचल, बदल, परत ठेव, एवढ्यातच प्रोग्रामरचा विचार अडकतो, असे त्यांचे म्हणणे होते. आपण घातलेली वाट इतक्या स्पष्टपणे तपासणारे संशोधक थोडे.

आता अमेरिकेतील बेल प्रयोगशाळा. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची तिथे युनिक्स बनवत होते. मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल भाषेवरून थॉम्पसन यांनी 'बी' केली, आणि बी वरून रिची यांनी १९७२ च्या सुमारास सी आकाराला आणली. बीसीपीएल आणि बी मध्ये डेटाचा प्रकार एकच : मेमरीतला शब्द. ॲरे म्हणजे एका शब्दाचा पत्ता आणि त्यापुढचे शब्द. सी मध्ये प्रकार आले, पण ॲरेची ही कल्पना बरीचशी तशीच राहिली. गुण[i] याचा अर्थ 'गुण या पत्त्यापासून i घरे पुढे जा आणि तिथे असेल ते घे' एवढाच. ॲरे फंक्शनला दिला की फंक्शनच्या हाती फक्त पहिल्या घराचा पत्ता पडतो. घरे साठ आहेत की सहा, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून तर आपण आकार वेगळा पाठवतो.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण परीक्षेत तो क्वचित विचारला जातो आणि मुलाखतीत हमखास. सी मध्ये तपासणी 'बंद' ठेवलेली नाही. तपासायला लागणारी माहिती, म्हणजे ॲरेची लांबी, पॉइंटरसोबत ठेवलेलीच नाही.

आणि वेगाच्या उत्तरात अर्धवट काय आहे? युनिक्ससाठी रिची आणि थॉम्पसन यांना मिळालेला पीडीपी-११ लहान होता, सुरुवातीला मेमरी फक्त २४ किलोबाइट. तरीही तो एलियट ८०३ पेक्षा कितीतरी वेगवान होता. संथ यंत्रावर तपासणी राहिली आणि वेगवान यंत्रावर गेली, मग कारण केवळ यंत्राचे कसे असेल? माझ्या मते खरा फरक भाषा कोणासाठी बनवली यात आहे. होअर यांचे ग्राहक त्यांच्या ओळखीचे नव्हते. ते आपापल्या कामाची गणिते मांडणारे लोक होते. यंत्राच्या आत काय चालते याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते. रिची आणि थॉम्पसन लिहीत होते स्वतःसाठी आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांसाठी, आणि लिहीत होते ऑपरेटिंग सिस्टीम. ऑपरेटिंग सिस्टीमला मेमरीकडे मेमरी म्हणूनच पाहावे लागते. तिला कोणत्याही पत्त्यावर जाता आले पाहिजे. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी मध्ये पुन्हा लिहिला गेला आणि असेंब्ली भाषेशिवाय अशी सिस्टीम लिहिता येते हे दिसले. त्या कामासाठी सी उत्तम होती.

पुढे १९८९ मध्ये सी चे अमेरिकी मानक ठरले. समितीने मानकासोबत आपली कारणमीमांसा दिली. तीत सी भाषेच्या वृत्तीची काही सूत्रे आहेत आणि त्यांतले पहिले सूत्र प्रोग्रामरवर विश्वास ठेवा, असे आहे. रिची यांना या विश्वासाच्या मर्यादा ठाऊक नव्हत्या असे समजू नका. कंपायलर सोडून देतो त्या संशयास्पद जागा दाखवण्यासाठी त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी 'लिंट' हे वेगळे साधन केले होते, आणि १९९३ साली सी चा इतिहास लिहिताना रिची यांनी भाषेतले दोष झाकून ठेवले नाहीत.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकायला हवे. निक्लाउस विर्थ यांनी १९७० मध्ये शिकवण्यासाठी पास्कल भाषा आणली. तिच्यात तपासणी कडक. पण तिथे ॲरेचा आकार हा त्याच्या प्रकाराचाच भाग होता. दहा घरांचा ॲरे आणि वीस घरांचा ॲरे हे दोन वेगळे प्रकार, त्यामुळे दोन्हींना चालेल असे एकच सॉर्टिंगचे फंक्शन लिहिता येईना. बेल प्रयोगशाळेतील ब्रायन कर्निहॅन यांनी १९८१ मध्ये एका सविस्तर टिपणात ही तक्रार मांडली, आणि ती रास्त होती. विद्यार्थ्याला सांभाळताना पास्कलने कसलेल्या माणसाचे हात बांधले होते. पण यावरून तपासणीच नको असे सिद्ध होत नाही. लांबी प्रकारात न गोठवता ॲरेसोबत पाठवली की काम भागते. पास्कलच्या पुढच्या आंतरराष्ट्रीय मानकात तशी सोय आली. जावामध्ये तर प्रत्येक ॲरे आपली लांबी बरोबर घेऊनच फिरतो.

विश्वासाची किंमत

२ नोव्हेंबर १९८८. त्या वेळचे इंटरनेट लहान होते, विद्यापीठे आणि संशोधन संस्थांपुरते. कॉर्नेल विद्यापीठातील एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्राम त्या दिवशी एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप पसरू लागला आणि हजारो यंत्रे अडकून पडली. त्याला पुढे मॉरिस वर्म हे नाव पडले.

आत शिरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक वाट तुमच्या ओळखीची आहे. 'फिंगर' नावाची एक सेवा होती. समोरून आलेली ओळ ती 'गेट्स' या फंक्शनने वाचत असे. गेट्सला तुम्ही ॲरेचा पत्ता देता, लांबी देत नाही. त्यामुळे ओळ संपेपर्यंत ते लिहीत जाते. फिंगरमधला ॲरे होता ५१२ बाइटांचा. वर्मने पाठवली ५३६ बाइटांची ओळ. जास्तीचे बाइट ॲरेपुढच्या मेमरीत सांडले आणि फंक्शन संपल्यावर परत कुठे जायचे तो पत्ता त्यांनी बदलला. नवा पत्ता वर्मने स्वतः पाठवलेल्या सूचनांचा होता. यंत्राने त्या निमूटपणे पाळल्या. सुरुवातीला आपण गुण[६०] ची जी चूक केली, तिचेच हे मोठे रूप. फरक एवढाच की आपली चूक नकळत झाली आणि ही जाणूनबुजून करवून घेतली.

गेट्स हे फंक्शन सी च्या मानकातून काढून टाकले गेले ते २०११ च्या आवृत्तीत. मधली तेवीस वर्षे ते मानकात, पुस्तकांत आणि प्रात्यक्षिकांत नांदत होते. तुमच्या विभागाची प्रात्यक्षिक-पुस्तिका उघडून पाहा, कदाचित अजूनही सापडेल. त्याच्या जागी 'एफगेट्स' वापरा. त्याला लांबी सांगावी लागते.

एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' उघडकीला आले. संकेतस्थळांशी होणारा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सी मध्ये लिहिलेल्या ग्रंथालयातली ती चूक होती. समोरचे यंत्र म्हणे, 'हा मजकूर घे आणि तसाच परत पाठव, त्याची लांबी इतकी आहे.' मजकूर एक बाइट आणि सांगितलेली लांबी ६४ किलोबाइटच्या जवळपास, असे असले तरी सर्व्हर विश्वासाने तेवढे बाइट परत पाठवी. मजकुराच्या पुढे मेमरीत कोणाचे पासवर्ड असतील, किल्ल्या असतील, तेही त्यात जात. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा अभियंत्यांनी सांगितले की त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षाविषयक चुकांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या अशा गैरवापरातल्या असतात. तिथे लिहिणारे नवशिके नव्हते. 'नीट लिहिले तर सी मध्ये काही अडचण नाही' हे वाक्य मी तरी आता वर्गात उच्चारत नाही.

डायक्स्ट्रा आणि माणसाची मर्यादा

हॉलंडचे एड्सगर डायक्स्ट्रा होअर यांच्याच बाजूचे, पण त्यांचा रोख यंत्रावर नव्हता. माणसाच्या डोक्यात एका वेळी थोडेच मावते, तेव्हा भाषेने आणि प्रोग्रामच्या रचनेने त्या थोड्याची कदर करावी, असे ते म्हणत. १९७२ च्या त्यांच्या ट्युरिंग भाषणाचा विषयच प्रोग्रामरने बाळगायची नम्रता हा होता. त्याच भाषणात त्यांनी आपल्या लग्नाची गोष्ट सांगितली. १९५७ साली नोंदणीच्या वेळी व्यवसाय विचारला, त्यांनी 'प्रोग्रामर' सांगितले, आणि ॲमस्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनी असा व्यवसाय नसतो म्हणून तो मान्य केला नाही. शेवटी 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' असे लिहावे लागले.

त्यांचे 'गोटू' विधानाविरुद्धचे पत्र मार्च १९६८ मध्ये छापून आले. त्याचे गाजलेले शीर्षक त्यांचे नव्हे, संपादक विर्थ यांनी दिलेले. तोंडी परीक्षेत मी विचारतो, गोटू का टाळावे? उत्तर येते, 'सर, ती बॅड प्रॅक्टिस आहे.' का? 'कारण ती वापरू नये.' हे उत्तर नव्हे, हा सोवळ्याचा नियम झाला. डायक्स्ट्रा यांचा युक्तिवाद असा. प्रोग्राम कागदावर स्थिर असतो, पण तो चालणे ही काळात घडणारी गोष्ट आहे. चालणारा प्रोग्राम आत्ता नेमका कुठवर आला, हे तुम्हाला कागदावर बोट ठेवून सांगता यायला हवे. साध्या क्रमात एक ओळ दाखवली की पुरते. फंक्शन असेल तर कोणी कोणाला बोलावले ती साखळी सांगावी लागते. लूप असेल तर कितवी फेरी ते सांगावे लागते. पण कुठूनही कुठेही उडी मारता येऊ लागली की त्या ओळीवर आपण कोणत्या वाटेने पोचलो, आणि पोचताना चलांच्या किमतींबद्दल काय गृहीत धरता येईल, हे सांगायला असे सोपे माप उरत नाही. बोट ठेवायला जागाच राहत नाही.

डॉनल्ड कनूथ यांनी १९७४ मध्ये दीर्घ लेख लिहून दाखवले की काही ठिकाणी गोटू वापरल्याने प्रोग्राम अधिक स्वच्छ होतो. लिनक्सच्या गाभ्यात चूक झाल्यावर आवराआवर करण्यासाठी गोटू आजही सर्रास दिसते. उडी नेहमी खाली, फंक्शनच्या शेवटाकडे. डायक्स्ट्रा यांचे माप लावून पाहिलेत तर तिथे बोट ठेवता येते. कारण ठाऊक असले की अपवादही ओळखता येतो.

शून्य संदर्भ

होअर यांच्या बाजूने इतके बोलल्यावर त्यांच्याच हातून सुटलेली एक जागाही सांगायला हवी. १९६५ मध्ये विर्थ यांच्यासोबत अल्गोल डब्ल्यू भाषेची आखणी चालू होती. एका नोंदीने दुसरीकडे बोट दाखवावे, यासाठी होअर 'संदर्भ' ही सोय आणत होते. प्रत्येक संदर्भाचा वापर बिनधोक आहे हे कंपायलरने पाहावे, हा त्यांचा हेतू होता. पण 'कोणाकडेच बोट नाही' असा शून्य संदर्भ ठेवणे फार सोपे होते, आणि तो मोह त्यांना आवरला नाही. २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले.

यात वाईट काय? विद्यार्थ्याच्या नोंदीत 'मार्गदर्शक' हा संदर्भ आहे आणि या विद्यार्थ्याला अजून मार्गदर्शक मिळालेला नाही. तुम्ही मार्गदर्शकाचे नाव छापायला सांगितले की प्रोग्राम कोसळतो. जावा वापरणाऱ्यांना 'नल पॉइंटर एक्सेप्शन' वेगळे सांगायला नको. 'संदर्भ' हा एकच प्रकार 'नक्की आहे' आणि 'असेल किंवा नसेल' अशा दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला, आणि प्रकार एकच असल्याने कंपायलरला त्यांतला फरक दिसत नाही. उपाय म्हणजे दोन प्रकार करणे. रॉबिन मिल्नर यांच्या एमएल भाषेच्या घराण्यात ही पद्धत रुजली. आता स्विफ्ट, कोटलिन, रस्ट यांत ती आहे. 'असेल किंवा नसेल' या प्रकारातली किंमत वापरण्याआधी 'नसेल तर काय' हे तुम्हाला लिहावेच लागते, नाहीतर कंपायलर पुढे जाऊ देत नाही.

भाषा अडवू शकत नाही अशा चुका

सगळा भार भाषेवर टाकता येत नाही, हेही याच पिढीने दाखवले. एलियटमध्येच होअर यांच्या हाताखाली ५०३ या यंत्रासाठी मोठी सॉफ्टवेअर योजना हाती घेतली गेली. कंपायलर तयार झाला तेव्हा त्याचा वेग निघाला सेकंदाला दोन अक्षरे, कारण मुख्य मेमरी आणि साठवण यांच्यात पाने ने-आण करण्यातच यंत्राचा सारा वेळ जात होता. योजना सोडून द्यावी लागली. तीसहून अधिक माणूस-वर्षांचे काम वाया गेले. होअर यांनी ट्युरिंग भाषणात याची जबाबदारी सरळ स्वतःवर घेतली. गुंतागुंत इतकी वाढू द्यायची की दोष असूनही दिसू नयेत, किंवा रचना इतकी साधी ठेवायची की दोष नाहीत हे उघड दिसावे. दुसरी वाट कितीतरी कठीण, असे त्यांचे मत या अनुभवातून आलेले आहे. १९६८ मध्ये अल्गोल ६८ चा आराखडा मंजूर होताना होअर आणि डायक्स्ट्रा यांनी इतर काही जणांसह विरोधी टिपणावर सही केली, तीही भाषा अवजड होत चालली म्हणूनच.

रचनेबद्दल सर्वांत उपयोगी सल्ला मला डेव्हिड पार्नास यांचा वाटतो. १९७२ च्या लेखात त्यांनी एकच छोटा प्रोग्राम दोन प्रकारे तोडून दाखवला. पहिला प्रकार आपण सगळे करतो : आधी वाचा, मग क्रम लावा, मग छापा, प्रत्येक पायरीचा एक भाग. दुसऱ्या प्रकारात पुढे बदलण्याची शक्यता असलेला एकेक निर्णय एकेका भागात लपवायचा. ओळी मेमरीत कशा साठवल्या, हे एकाच भागाला माहीत. बाकीचे त्याला विचारतात. पहिल्या प्रकारात साठवण्याची पद्धत बदलली की सगळे भाग उघडावे लागतात, दुसऱ्यात एकच. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा आराखडा काढताना पायऱ्यांऐवजी निर्णयांची यादी करून पाहा. आकृती वेगळी निघेल.

आज काय स्थिती आहे

रस्ट भाषेची १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. तिच्यात निर्देशांक मर्यादेशी ताडला जातो, एलियट ८०३ वर ताडला जायचा तसाच. शून्य संदर्भ नाही. कोणती मेमरी कोणाच्या मालकीची, हे कंपायलर प्रोग्राम चालण्याआधीच तपासतो, त्यामुळे यातल्या पुष्कळ तपासण्यांना चालताना वेळ लागत नाही. डिसेंबर २०२२ च्या लिनक्स ६.१ पासून गाभ्यात रस्टचा शिरकाव झाला आहे, म्हणजे सी च्या खास घरात. तरी रिची यांचा मुद्दा संपलेला नाही. यंत्राशी थेट बोलायची वेळ येते तेव्हा रस्टमध्येही 'अनसेफ' असा शब्द लिहून वेगळा भाग उघडावा लागतो आणि तिथे मेमरीची बरीचशी जबाबदारी पुन्हा प्रोग्रामरवर येते. आता तो भाग कुठे आहे हे शोधता येते, एवढा फरक पडला.

करून पाहा

सुरुवातीचा 'गुण' ॲरेचा प्रोग्राम सी मध्ये मुद्दाम चुकीच्या अटीने लिहा आणि चालवा. मग जीसीसी किंवा क्लँगमध्ये 'ॲड्रेस सॅनिटायझर' चालू करून तोच प्रोग्राम पुन्हा कंपाइल करा. चूक कोणत्या ओळीत आहे ते तो सांगेल. टर्बो सी वर ही सोय नाही, त्यामुळे तुमच्या प्रयोगशाळेत तो असेल तर हा प्रयोग दुसऱ्या यंत्रावर करा.

त्यानंतर एक कोटी घरांच्या ॲरेची बेरीज करणारा प्रोग्राम दोन प्रकारे लिहा. एकात प्रत्येक वेळी निर्देशांक दोन्ही मर्यादांशी स्वतः ताडा, दुसऱ्यात ताडू नका. कंपायलरच्या वेग वाढवण्याच्या सोयी आधी बंद ठेवून आणि मग चालू करून वेळ मोजा. मोजण्याआधी फरक किती टक्के येईल याचा अंदाज वहीत लिहा. चारही आकडे आल्यावर, दुसऱ्या वेळी तपासणीचा खर्च कुठे गेला, हे कंपायलरने तयार केलेला असेंब्ली कोड उघडून शोधा.